केमो संपून सहा वर्षं झाली, तरी रक्तात तिची खूण राहते का?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आईला सहा वर्षांपूर्वी लिम्फोमा झाला होता. आर-चॉप या पाच औषधांच्या उपचाराच्या सहा सायकल झाल्या आणि आज ती ठणठणीत आहे. केमोमुळे निरोगी रक्तपेशींच्या डीएनएत कायमचे बदल होतात, एका तीन वर्षांच्या मुलाच्या रक्तात ऐंशीच्या माणसापेक्षा जास्त म्यूटेशन सापडली, असं वाचनात आलं. हे खरं का? आईला धोका आहे का? आणि मावशीला आता अंडाशयाच्या कॅन्सरसाठी कार्बोप्लॅटिन सुचवलंय, ते घ्यावं की नाही?

बातमी खरी आहे. मी वीसेक वर्षं रक्ताच्या आजारांचंच काम करतो. केमोने बोनमॅरोला इजा होते हे आम्हाला नवीन नाही. ती इजा पेशी-पेशीत शिरून मोजता येऊ लागली, हे नवीन आहे. पण बातमीत सगळीकडे ‘केमो’ हा एकच शब्द वापरलेला असतो आणि घोळ तिथेच होतो. केमो हे काही एका औषधाचं नाव नाही. त्या एका शब्दाखाली डझनावारी औषधं येतात आणि डीएनएच्या बाबतीत त्यांचं वागणं एकमेकांपासून कोसभर लांब असतं. म्हणून असा प्रश्न आला की मी आधी विचारतो, डिस्चार्ज कार्डवर औषधांची नावं काय आहेत? तुम्ही ती दिलीत, माझं अर्धं काम झालं.

आधी केमो न घेतलेल्या माणसाचं रक्त कसं असतं ते बघू, नाहीतर ‘जास्त म्यूटेशन’ म्हणजे कशापेक्षा जास्त हेच कळणार नाही. आपलं सगळं रक्त बोनमॅरोतल्या साधारण ५० हजार ते २ लाख मूळपेशींपासून बनतं. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट ही सगळी त्यांचीच प्रजा. या मूळपेशी फार सावकाश विभागतात, बराच काळ झोपून असतात. तरीही प्रत्येकीच्या डीएनएत वर्षाला सतराच्या आसपास नवी म्यूटेशन साठत जातात. काही न करता, निव्वळ जगल्याने. म्हणजे चाळिशीच्या निरोगी माणसाच्या एकेका मूळपेशीत सातशेच्या घरात म्यूटेशन असतात. आकडा ऐकून दचकायला होतं, पण एका पेशीतल्या डीएनएत सहाशे कोटी अक्षरजोड्या असतात आणि त्यातला प्रथिनांचा मजकूर जेमतेम दीड टक्का. बहुतेक म्यूटेशन अशा ठिकाणी पडतात की पेशीला त्यांचा पत्ताही लागत नाही.

आता त्या अभ्यासाबद्दल. केंब्रिजजवळच्या वेलकम सँगर इन्स्टिट्यूटमधल्या गटाने तो २०२५ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये छापला. केमो घेतलेल्या ३ ते ८० वर्षं वयाच्या २३ जणांचं रक्त त्यांनी तपासलं. यातली खरी अडचण तपासणीची आहे. रक्ताच्या नळीत लाखो पांढऱ्या पेशी असतात आणि प्रत्येकीची म्यूटेशन वेगळी. सगळ्यांचा डीएनए एकत्र करून वाचला तर गर्दीत एकटा माणूस बोलावा तसं होतं, काहीच ऐकू येत नाही. म्हणून एकेक पेशी वेगळी करून प्लेटमध्ये वाढवतात. दोन-तीन आठवड्यांत तिची एक वसाहत तयार होते, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक दाण्यांच्या पुंजक्यासारखी दिसते. त्या वसाहतीतल्या सगळ्या पेशी एकाच आईच्या लेकी, त्यामुळे तो पुंजका वाचला की मूळ एका पेशीचा सगळा इतिहास हाती येतो. हे काम चिकाटीचं आणि खर्चाचं आहे, म्हणून अशा अभ्यासात माणसं कमी असतात. २३ हा आकडा बघून नाक मुरडू नका.

बातमीतलं मूल या २३ जणांतलं. त्याला न्यूरोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांना होणारा चेतापेशींचा कॅन्सर, होता. त्याच्या रक्तपेशींत, केमो कधीच न घेतलेल्या ऐंशीच्या माणसांपेक्षा जास्त म्यूटेशन सापडली. न्यूरोब्लास्टोमाचे उपचार भारी असतात, एकावर एक बरीच औषधं द्यावी लागतात. ते मूल म्हणजे या विषयातलं एक टोक आहे, सरासरी नव्हे. त्याच अभ्यासात केमो घेऊनही ज्यांच्या पेशींत जवळजवळ काहीच वाढ नव्हती अशीही माणसं होती. त्यांची बातमी झाली नाही.

हा फरक समजायला औषध डीएनएला नेमकं काय करतं ते बघावं लागेल. इथे जरा वेळ घेतो.

सगळ्यात जुनी केमोची औषधं नायट्रोजन मस्टर्डच्या घराण्यातली. युद्धातल्या मस्टर्ड वायूचीच ही रासायनिक भावंडं. १९४२ मध्ये येल विद्यापीठात लिम्फोमाच्या एका रुग्णाला ते पहिल्यांदा दिलं गेलं. साधारण त्याच काळात एडिंबरोत शार्लोट आउअरबाख मस्टर्ड वायूने फळमाश्यांमध्ये म्यूटेशन होतात हे दाखवत होत्या. युद्धामुळे ते काम गुप्त ठेवलं गेलं आणि युद्ध संपल्यावरच छापून आलं. म्हणजे हे रसायन कॅन्सर मारतं आणि डीएनए बदलतं, या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी माणसाला कळल्या. आपल्याला त्यातली एकच लक्षात राहिली.

या रेणूला दोन हात असतात. एक हात डीएनएतल्या ग्वानिन या अक्षराला चिकटतो, दुसरा समोरच्या धाग्यावरच्या ग्वानिनला. दोन धागे एकमेकांना शिवले जातात. पेशी विभागायला निघाली की धागे वेगळे व्हावे लागतात, आणि टाका पडलेला असल्याने ते होत नाहीत. भराभर विभागणारी कॅन्सरची पेशी तिथेच अडकते आणि मरते. झोपलेल्या मूळपेशीला मात्र घाई नसते. दुरुस्तीची प्रथिनं येतात, टाका कापतात, भोक बुजवतात. बहुतेक वेळा काम चोख होतं. कधीकधी मात्र बिघडलेलं अक्षर नीट वाचता येत नाही, मग पेशी एक कामचलाऊ एन्झाइम पुढे करते. ते अंदाजाने एक अक्षर टाकून पुढे सरकतं.

म्यूटेशन कायमचं का होतं, हे या क्षणात आहे. एका धाग्यावर चुकीचं अक्षर पडलं तोवर ती चूक पकडता येते, कारण समोरच्या धाग्यावर बरोबर अक्षर शाबूत असतं. पेशी एकदा विभागली की त्या चुकीच्या अक्षरासमोर त्याच्याशी जुळणारंच अक्षर बसतं. आता दोन्ही धाग्यांचं म्हणणं एक. दुरुस्तीची यंत्रणा येऊन बघते, तर तिला सगळं सुरळीत दिसतं. औषध शरीरातून काही तासांत, फार तर दिवसांत निघून जातं, चिकटलेले तुकडे काढून टाकले जातात, पण हे अक्षर त्या पेशीत आणि तिच्या सगळ्या वंशात राहतं. कुठलंही औषध, आहार किंवा ‘डिटॉक्स’ ते पुसू शकत नाही. रक्तशुद्धीच्या नावाने जे काही विकलं जातं, त्यावर पैसे घालवू नका.

सिसप्लॅटिन, कार्बोप्लॅटिन ही प्लॅटिनमवाली औषधंही ग्वानिनलाच धरतात, पण बहुतेक वेळा एकाच धाग्यावरचे शेजारी-शेजारी बसलेले दोन. त्यामुळे त्यांच्या चुका विशिष्ट अक्षरांच्या शेजारातच होतात. प्रत्येक औषधाची अशी ढब ठरलेली असते, हस्ताक्षरासारखी. पेशीचा डीएनए वाचून ‘इथे प्लॅटिनम येऊन गेलंय’ हे वर्षांनंतरही सांगता येतं. म्हणूनच ही म्यूटेशन वयाने झाली की औषधाने, याबद्दल आता वाद राहिलेला नाही.

आता तुमच्या आईचं आर-चॉप. एकेक औषध घेऊ.

रिटक्सिमॅब हे अँटिबॉडी आहे. ते पेशीच्या पृष्ठभागावर बसतं, डीएनएच्या वाटेलाही जात नाही. प्रेडनिसोलोन स्टेरॉइड, त्याचे त्रास वेगळे, साखर आणि हाडं यांचे. विन्क्रिस्टिन पेशी विभागताना गुणसूत्रं ओढून नेणाऱ्या दोऱ्या बिघडवतं, अक्षरांना थेट हात लावत नाही.

उरली दोन. सायक्लोफॉस्फमाइड मस्टर्डच्याच घराण्यातलं, त्यामुळे कागदावर सगळ्यात संशयित. पण या अभ्यासात क्लोरॅम्ब्युसिल, बेंडामस्टिन, प्रोकार्बाझिन या दुसऱ्या केमोच्या औषधांच्या मानाने त्याचा ठसा फारच हलका निघाला. मला स्वतःला हा सगळ्यात सुंदर तपशील वाटतो. सायक्लोफॉस्फमाइड शरीरात गेल्यावर यकृतात बदलतं आणि वाटेत अल्डिहाइडच्या रूपात असतं. मूळपेशींकडे अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम भरपूर असतं. औषधाचं खरं शस्त्र बाहेर यायच्या आतच ते त्याला निकामी करून टाकतं. कॅन्सरच्या पेशींकडे आणि साध्या लिम्फोसाइटकडे (या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) हे कवच पुरेसं नसतं. याच कारणाने बोनमॅरो प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आम्ही मोठ्या डोसमध्ये सायक्लोफॉस्फमाइड देऊ शकतो. उपद्रवी लिम्फोसाइट मरतात आणि नुकत्याच घातलेल्या मूळपेशी टिकतात. विद्यार्थी असताना मी हे फक्त पाठ केलं होतं. पुढे वॉर्डात सतराव्या-अठराव्या दिवशी काउंट वर येताना पाहिले तेव्हा पटलं.

शेवटचं डॉक्सोरुबिसिन, ते लाल रंगाचं सलाईन. ते टोपोआयसोमरेज-२ या एन्झाइमला डीएनए कापलेल्या अवस्थेतच अडकवून ठेवतं. अक्षर बदलण्यापेक्षा धागा तुटून भलत्याच ठिकाणी जोडला जाण्याचा धोका यात जास्त. या गटाच्या औषधांनंतर, विशेषतः इटोपोसाइडनंतर, एक ठरावीक प्रकारचा ल्युकेमिया कधीकधी दिसतो, ज्यात अकराव्या गुणसूत्राचा एक तुकडा दुसरीकडे जोडलेला असतो. पण तो यायचाच असेल तर सहसा एक ते तीन वर्षांत येतो. तुमच्या आईला सहा वर्षं झालीत.

मग धोका म्हणजे नेमका कशाचा? म्यूटेशन जास्त झाली म्हणून रक्त बिघडलं असं होत नाही. त्यातली जवळजवळ सगळी मूकपणे पडून राहतात. प्रश्न येतो एखादं म्यूटेशन मोक्याच्या जनुकात पडलं तर, आणि त्यामुळे ती पेशी इतरांपेक्षा वरचढ झाली तर.

या ‘वरचढ’ होण्यात केमोचा दुसरा हात आहे आणि बातम्यांत तो बहुतेकदा येतच नाही. औषध नवी म्यूटेशन घडवतं, तसंच आधीपासून असलेल्या म्यूटेशनची निवडही करतं. टीपी-५३ हे जनुक पेशीतलं धोक्याची घंटा वाजवणारं. डीएनए तुटला की ते पेशीला थांबवतं किंवा मरायला लावतं. पीपीएम-१-डी हे त्या घंटेचा आवाज कमी करणारं. टीपी-५३ बिघडलं किंवा पीपीएम-१-डी जास्त चालू लागलं की पेशी घंटा न ऐकता जगत राहते. एरवी अशी पेशी हजारोंच्या गर्दीत एक कोपरा धरून असते. सिसप्लॅटिन आलं की आजूबाजूच्या शहाण्या पेशी घंटा ऐकून मरतात किंवा थांबतात, आणि या बहिऱ्या पेशीला मोकळं रान मिळतं. उपचारांनंतर ल्युकेमिया झालेल्या काही रुग्णांचे केमोच्या आधी साठवलेले नमुने तपासले तेव्हा टीपी-५३ चं तेच म्यूटेशन तिथे आधीच सापडलं. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि आमच्या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांना आपलं जुनं गणित बदलावं लागलं.

एकाच पेशीचा वंश रक्तात मोठा होणं हे वयानेही होतं. सत्तरीनंतर दहातल्या एकापेक्षा जास्त लोकांत असा वंश सापडतो. केमोनंतर तेच चित्र तरुण वयात दिसू शकतं. ‘रक्त म्हातारं झालं’ या वाक्याचा खरा अर्थ एवढाच. त्या माणसाचे गुडघे, मेंदू, त्वचा यांचा त्याच्याशी संबंध नाही.

यातून पुढे खरोखर आजार होण्याचं प्रमाण? स्तनाच्या कॅन्सरनंतर दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या केमोनंतर दहा वर्षांत साधारण दोनशेत एकीला ल्युकेमिया किंवा मायलोडिस्प्लेशिया होतो. मायलोडिस्प्लेशिया म्हणजे बोनमॅरो पेशी बनवते पण त्या धड बनत नाहीत, असा आजार. अल्किलेटिंग औषधांनंतरचा, म्हणजे मस्टर्डसारखी डीएनएला चिकटणारी औषधं घेतल्यानंतरचा प्रकार सावकाश येतो, पाच-सात वर्षांनी, आणि आधी मायलोडिस्प्लेशिया होऊन मग पुढे सरकतो. त्यात पाचव्या किंवा सातव्या गुणसूत्राचा भाग गळालेला असतो.

असा एक रुग्ण मला अजून आठवतो. थकवा म्हणून आला होता. हिमोग्लोबिन दहा, लाल पेशींचा आकार, म्हणजे सीबीसीवरचं (रक्तपेशींच्या मोजणीच्या साध्या तपासणीवरचं) एमसीव्ही, १०६. वर्षभर बी-१२ ची इंजेक्शनं चालू होती, कारण मोठ्या लाल पेशी दिसल्या की सगळ्यांना आधी बी-१२ आठवतं. स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचं केंद्रक तीन-चार खणांचं असायचं ते दोनच खणांचं, मध्ये बारीक दांडी, अगदी नाकावरच्या चष्म्यासारखं. मी विचारलं, पूर्वी कधी कॅन्सरचे उपचार झालेत का? ‘हो, पण त्याला आठ वर्षं झाली, आता त्याचा काय संबंध?’ असं ते म्हणाले. बोनमॅरोच्या तपासणीत सातवं गुणसूत्र दोनऐवजी एकच निघालं. हा प्रश्न कुणी वर्षभर आधी विचारला असता तर हातात जास्त वेळ मिळाला असता.

मावशीकडे येतो. कार्बोप्लॅटिन मूळपेशींच्या डीएनएवर ठसा ठेवणाऱ्यांपैकी आहे, हे मी लपवणार नाही. त्याच अभ्यासात प्लॅटिनमच्याच घरातल्या ऑक्सॅलिप्लॅटिनचा ठसा त्या मानाने कमी दिसला. मग ते का देत नाहीत, असं तुम्ही लगेच विचाराल. कारण अंडाशयाच्या कॅन्सरवर कार्बोप्लॅटिनचा अनुभव आणि पुरावा आहे. रक्तात कमी म्यूटेशन व्हावीत म्हणून मूळ आजारावर कमी खात्रीचं औषध घेणं हा सौदा मी माझ्या घरच्यांसाठी करणार नाही. एका बाजूला हातात असलेला कॅन्सर आणि दुसऱ्या बाजूला अनेक वर्षांनी, थोड्या लोकांत होणारा आजार. मावशीने औषध घ्यावं.

पण जिथे दोन औषधं सारखंच काम करतात तिथे कमी ठसा ठेवणारं निवडायला हवं, आणि तसं होतंही. हॉजकिन लिम्फोमात पूर्वी मस्टर्ड आणि प्रोकार्बाझिन असलेलं मॉप हे औषधांचं मिश्रण देत असत. लोक बरे होत, पण पुढे काहींना ल्युकेमिया होई. त्या जागी एबीव्हीडी हे दुसरं मिश्रण आलं आणि तो प्रकार खूप कमी झाला. अलीकडे जर्मन गटाने जास्त तीव्र उपचारांमधूनही प्रोकार्बाझिन काढून डकार्बाझिन घातलं. २०२४ मध्ये आलेल्या त्यांच्या निकालात आजारावरचा ताबा उलट थोडा चांगलाच निघाला. पेशी-पेशीतली म्यूटेशन मोजता येण्याचा खरा उपयोग इथे आहे. ल्युकेमिया किती जणांना होतो हे कळायला दहा वर्षं थांबावं लागतं. म्यूटेशन काही महिन्यांत मोजता येतात.

मावशीला पुढे ओलॅपॅरिबसारख्या, पेशीची डीएनए-दुरुस्ती रोखणाऱ्या गोळ्या देण्याचं ठरलं, तर मात्र कान टवकारा. प्लॅटिनमच्या फेऱ्यांनंतर या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत मायलोडिस्प्लेशियाचं प्रमाण वाढलेलं दिसलं आहे. म्हणून पहिलं वर्षभर दर महिन्याला सीबीसी करायचा असतो. काउंट पडले आणि गोळ्या थांबवूनही चार आठवड्यांत वर आले नाहीत, तर ‘केमोचा अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नका. रक्तविकारतज्ज्ञाला दाखवा.

आईसाठी वर्षातून एकदा साधा सीबीसी पुरेसा आहे. त्यात हिमोग्लोबिन, न्यूट्रोफिल, प्लेटलेट आणि एमसीव्ही ही चार घरं बघायची, आणि एकेका आकड्यापेक्षा गेल्या वर्षीच्या मानाने कल कुठे आहे ते बघायचं. ‘रक्तातली म्यूटेशन तपासून देतो’ अशा महागड्या टेस्टच्या मागे सध्या लागू नका. काउंट ठीक असताना एखादा छोटा वंश सापडलाच तर त्यावर देण्यासारखं औषध आज नाही, आणि घरात झोप मात्र सगळ्यांची उडेल. तंबाखू असेल तर ती सोडायला हे आणखी एक कारण, कारण धूम्रपान करणाऱ्यांत एएसएक्सएल-१ नावाच्या जनुकाचे असे वंश जास्त आढळतात. ब्लडप्रेशर आणि कोलेस्टेरॉलकडेही लक्ष असू द्या. रक्तातल्या या वंशांचा हृदयविकाराशी संबंध दिसून आला आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण बहुतेक जण दारापर्यंत जाऊन परत वळून विचारतात म्हणून सांगतो: हे बदल तुमच्यात आलेले नाहीत आणि तुमच्या मुलांतही येणार नाहीत. ते आईच्या रक्तपेशींत झालेत, आणि रक्तपेशी पुढच्या पिढीत जात नाहीत.

आणि मावशीचा पहिल्या सायकलच्या आधीचा सीबीसी जपून ठेवा. स्कॅनच्या फिल्म लोक दहा-दहा वर्षं कपाटात ठेवतात आणि हा एका पानाचा कागद पहिल्या महिन्यातच टाकून देतात. पाच वर्षांनी एमसीव्ही ९९ आलं, तर ते आधीपासूनच तेवढं होतं की ८८ वरून चढलं, हे मला दुसरीकडून कुठूनही कळणार नाही. मोबाइलवर फोटो काढा आणि त्याच फोल्डरमध्ये औषधांची नावं, डोस आणि किती सायकल झाल्या ते लिहून ठेवा.